पत्रिका आणि पान

(भालकी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो, त्यांनी मला तिसरीत बेरीज शिकवली. बेरीज चुकली तर ते रागवत नसत. पाटीवर बोट ठेवून एवढंच विचारत, "हातचा कुठं गेला?" पुढं मी पुण्याला जाऊन संगणकाच्या धंद्यात पडलो. रात्री-अपरात्री बंद पडलेल्या मशीनसमोर बसून मी आजवर जे काही केलं, ते म्हणजे हाच प्रश्न. हातचा कुठं गेला?

विषय छापलाय तो जरा अवघड दिसतो. मेमरी संपते तेव्हा कर्नल काय करतो? मघाशी दारात एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, हा कर्नल कोणत्या पलटणीतला? ४८ सालच्या पोलीस ॲक्शनला इकडं आलेल्यांपैकी का? नाही. हा फौजेतला नव्हे. इंग्रजीत दोघांची अक्षरं वेगळी आहेत, आपल्या देवनागरीत ती एक होतात, म्हणून हा घोळ. हा कर्नल म्हणजे शेंगेतला दाणा. टरफल, फोलपट, सगळं काढलं की जो राहतो तो. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सगळ्यात आतला भाग. बाकीचे सगळे प्रोग्राम पाहुणे, हा घरधनी. जागा, वेळ, डिस्क, काहीही हवं असलं तर याच्याकडंच मागायचं.

मी आज मुख्यतः लिनक्सच्या कर्नलबद्दल बोलणार आहे. तो परका समजू नका. तुमच्यातल्या बहुतेकांच्या खिशात तो या क्षणी चालू आहे. अँड्रॉइडचा फोन म्हणजे आत लिनक्सच. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं तो लिहायला घेतला. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकनं 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. दोन्ही बातम्या त्या काळी भालकीपर्यंत पोचल्या असतील असं मला वाटत नाही.

थोडं मागं जाऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक सुरू झाला. आपल्याच माणसांनी घडवलेला. त्याची मेमरी होती २०४८ शब्दांची, एकेक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर भरतात १० किलोबाइट. तुम्ही सकाळी 'शुभ प्रभात'चं जे फुलांचं चित्र पाठवता, ते त्याच्यात मावणार नाही. पण त्या यंत्रावर मेमरी संपण्याचा प्रश्न कर्नलपुढं कधी आला नाही, कारण कर्नलच नव्हता. एका वेळी एकाचं काम. मावलं तर मावलं. नाही मावलं तर गणित लिहिणाऱ्यानं घरी जाऊन ते लहान करून आणायचं. एकट्याचं जेवण असलं तर वाढपी कशाला लागतो? वाढपी लागतो पंगतीला.

तर आता पंगतीकडं येऊ. आजचं सगळं व्याख्यान खरं म्हणजे एका पंगतीबद्दल आहे.

आपल्याकडं लग्नाच्या पत्रिका किती वाटतात? समजा हजार. स्वयंपाक किती पानांचा? सहाशेचा. हे लबाडीचं आहे का? मुळीच नाही. ज्यानं दोन-चार लग्नं उरकलीत त्याला ठाऊक असतं की हजारातले सगळे येत नाहीत. कुणाचं उदगीरला दुसरं लग्न असतं, कुणाची तूर काढायला आलेली असते. सगळ्यांना बोलावण्यात मान राहतो, आणि सहाशेत भागतं. हजार पानांचा स्वयंपाक केला असता तर चारशे पानांचं अन्न उकिरड्यावर गेलं असतं.

कर्नल नेमकं हेच करतो. प्रोग्राम म्हणतो, मला एक जीबी मेमरी दे. कर्नल म्हणतो, दिली. प्रत्यक्षात त्यानं एक बाइटही दिलेला नसतो. त्यानं पत्रिका दिलेली असते. प्रोग्राम जेव्हा त्या जागेवर खरोखर काही लिहायला जातो, तेव्हा प्रोसेसर अडखळतो, कर्नल धावत येतो, आणि एक रिकामी, शून्यानं पुसलेली जागा त्याच्यापुढं मांडतो. ती जागा सहसा ४०९६ बाइटची असते. तिला इंग्रजीत पेज म्हणतात. म्हणजे पान! हा योगायोग मला फार आवडतो. इंग्रजाच्या मनात वहीचं पान होतं. आपण जेवणाचं समजलो तरी काही बिघडत नाही, उलट जास्त कळतं. पाहुणा मांडवात आल्यावर पान मांडायचं. आधी नाही.

या रीतीला ओव्हरकमिट म्हणतात. कुणी म्हणेल, ही उधारीच झाली. आहेच. पण तिच्यावाचून चालत नाही. एक उदाहरण देतो. लिनक्समध्ये एखाद्या प्रोग्रामला दुसरं काम सुरू करायचं असलं की तो आधी स्वतःची प्रत काढतो, आणि मग ती प्रत नव्या कामाला लागते. ९ जीबी व्यापून बसलेल्या प्रोग्रामनं अशी प्रत काढली, तर कागदावर आणखी ९ जीबी हवेत. प्रत्यक्षात दोघं तीच पानं वाचत राहतात. ज्या पानावर कुणी नवं लिहील तेवढंच वेगळं करून मिळतं. कर्नल जर पै-पैचा हिशेब मागत बसला, तर साधं छोटं काम सुरू करायलाही दुप्पट मेमरी विकत घ्यावी लागेल.

हिशेबानं वागणारा कर्नल हवा असला तर तसंही सांगता येतं. एका ठिकाणी आकडा लिहायचा. शून्य लिहिलं की तो अंदाजानं चालतो, अगदीच अवाच्या सवा मागणी असली तर नाकारतो. एक लिहिलं की कुणालाच नाही म्हणत नाही. दोन लिहिलं की पक्का बनिया. मग तो स्वॅपची, म्हणजे डिस्कवर मेमरीसाठी राखलेली, जागा अधिक रॅमचा, म्हणजे प्रत्यक्ष मेमरीचा, ठरावीक हिस्सा, एवढीच वचनं देतो, आणि कुणी तो हिस्सा बदलला नाही तर तो असतो ५० टक्के. १६ जीबीच्या मशीनला स्वॅप नसेल तर आठच जीबीच्या पत्रिका. विंडोजची रीत याच्या जवळ जाणारी आहे: रॅम आणि पेजफाईल (म्हणजे तिथली स्वॅप) मिळून जेवढी जागा, तेवढीच वचनं. लिनक्स चालवणारे बहुतेक लोक मात्र शून्यावरच राहतात. लग्न म्हटलं की सगळ्यांना बोलवावंच लागतं.

आता समजा त्या दिवशी हजारच्या हजार आले. मग?

कर्नल एकदम हात वर करत नाही. त्याच्याकडं पाण्याच्या खुणा असतात. मी उपमा म्हणून सांगत नाही, कर्नलच्या कोडमध्ये शब्दच 'वॉटरमार्क' असा आहे. कारंजा धरण आपल्याला परकं नाही. पाणी अमुक खुणेखाली गेलं की शेतीचं पाणी बंद, आणि सगळ्यात तळाशी मृतसाठा, ज्याला हात लावायचा नाही. कर्नलच्याही अशाच तीन खुणा आहेत, वरची, खालची आणि किमान. मोकळी पानं खालच्या खुणेपाशी आली की के-स्वॅप-डी नावाचा एक गडी जागा होतो आणि पुन्हा वरची खूण गाठेपर्यंत मागून आवराआवर करत राहतो. किमान खुणेशी आली, तर जो मागायला येईल त्यालाच कर्नल कामाला लावतो: आधी चार पानं उचल, मग तुला देतो. आणि त्या किमान खुणेखालचा साठा? तो मृतसाठा. गुरुजींचा हातचा.

आवराआवर म्हणजे काय? वाचून झालेल्या फायलींच्या प्रती कर्नल मेमरीत ठेवून देतो, पुन्हा लागल्या तर डिस्कपर्यंत जायला नको म्हणून. (यामुळंच मोकळी मेमरी अगदी थोडी दिसते आणि नवशिके घाबरतात. घाबरू नका. रिकामी मेमरी म्हणजे पडीक जमीन.) डिस्कवर जशीच्या तशी असलेली प्रत खुशाल फेकता येते. जिच्यात बदल झालाय ती आधी डिस्कवर उतरवावी लागते. आणि ज्या पानांना मागं कोणतीही फाईल नाही, जी प्रोग्रामनं स्वतः भरलीत, ती स्वॅपमध्ये न्यावी लागतात. स्वॅप म्हणजे मांडवामागची पडवी. अर्धवट जेवलेल्याचं पान उचलून तिथं ठेवायचं, तो परत आला की आणून मांडायचं.

पडवी फार वापरली की काय होतं, हे पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९६८ सालीच नीट मांडून ठेवलंय. वाढपी नुसती पानं उचलतो आणि मांडतो. एकाचं उचललं की तोच हाका मारतो, त्याचं आणलं की दुसऱ्याचं उचलावं लागतं. सगळे घामाघूम, आणि घास कुणाच्याच तोंडात नाही. तुम्ही हे पाहिलंय. मशीन बंद पडलेलं नसतं, पण माऊसचा बाण हलत नाही आणि डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो. माझ्या मते मेमरी संपण्यापेक्षा ही अवस्था वाईट. संपली तर निदान कळतं.

आणि इथं कर्नलचा एक स्वभावदोष सांगायला हवा. छोट्या मागणीला 'नाही' म्हणणं त्याला जवळजवळ जमतच नाही. शिवाय पत्रिका आधीच दिलेली आहे. पान मांडायच्या वेळी 'नाही' म्हणायला तोंड कुठं आहे? पाहुणा हात धुऊन बसलेला. तेव्हा नाही म्हणता येत नाही, आणि वाढता येत नाही. उरतं काय? कुणाला तरी उठवायचं.

हे काम करणाऱ्या कोडला ओओएम किलर म्हणतात. ओओएम म्हणजे आउट ऑफ मेमरी, मेमरी संपली. नाव धडधडीत आहे. १९९८ ते २००० च्या सुमारास रिक व्हॅन रील या डच प्रोग्रामरनं तो लिहिला. त्याचा पहिला प्रश्न तुमच्या मनातलाच: उठवायचं कुणाला? सुरुवातीचं उत्तर फार विचारी होतं. मेमरी किती घेतलीय हे तर पाहायचंच. पण फार वेळ चाललेल्या कामाला सूट द्यायची, कारण त्याचे कष्ट वाया जातील. कमी प्राधान्याच्या कामाला जास्त गुण. मशीनच्या मालकाच्या, म्हणजे रूटच्या कामाला सवलत. ऐकायला किती न्याय्य! प्रत्यक्षात एवढे निकष एकत्र आले की आज कोण जाईल हे कुणालाच आधी सांगता येईना. २०१० साली गूगलमधल्या डेव्हिड रिएन्टजेस यांनी ते सगळं मोडून हिशेब सोपा केला. कोण किती पानं व्यापून बसलाय, रॅममध्ये आणि स्वॅपमध्ये मिळून, एवढंच पाहायचं. सगळ्यात मोठा तो जाणार. रूटला थोडी सूट उरली होती, तीही पुढं गेली.

माझ्या मते हे बरं झालं. कर्नलला वजन कळतं, किंमत कळत नाही. न कळणाऱ्या गोष्टीचा आव आणण्यापेक्षा सरळ तराजू लावलेला बरा.

मारण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. निवडलेल्या प्रोग्रामला नऊ नंबरचा सिग्नल जातो. याला वकील नाही, अपील नाही. प्रोग्रामला शेवटचा शब्दही लिहिता येत नाही. पण त्याच क्षणी कर्नल दुसरी एक गोष्ट करतो. ज्याला मारायचं ठरलं, त्याच्यासाठी तो मृतसाठा उघडतो. का? मरायलासुद्धा मेमरी लागते. आवरून बाहेर पडायला दोन-चार पानं हवीत, आणि तीच मिळाली नाहीत तर तो ना जिवंत ना मेला असा अडकून बसेल. आपल्याकडं मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालतात. मी हा कोड पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि मला खरोखर आजीची आठवण झाली.

एवढं करूनही काही जण अडकायचेच. उठ म्हटलं, तो उठला, पण दारात चप्पल शोधत उभा, आणि इकडं त्याचं पान तसंच. म्हणून २०१६ साली आणखी एक गडी नेमला, ओओएम रीपर. तो मेलेल्याच्या निघण्याची वाट पाहत नाही, पान लगेच उचलतो.

साठ्याचा आणि उपाशी माणसांचा प्रश्न बीदरच्या मुलखाला नवा नाही. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बीदरच्या बादशहाचे अंमलदार. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी खुली केली. दरबारानं जाब विचारला, तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बीदरला आला आणि धान्याची रक्कम भरून पावती घेऊन गेला, अशी कथा आपण कीर्तनातून ऐकत आलो. दामाजीनं काय केलं? समोरच्या माणसाची किंमत केली आणि हातच्याला हात घातला. कर्नलला ते जमत नाही, आणि जमवायला जाऊही नये, कारण त्याची भरपाई करायला कुणी विठू यायचा नाही. तो हातचा गेला तर अख्खं मशीन जातं.

मग किंमत कुणी सांगायची? इथं माझीच एक चूक कबूल करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी १६ जीबीचं एक मशीन माझ्या ताब्यात होतं. स्वॅप मीच बंद केलेली, वेग वाढतो या समजुतीनं. त्यावर डेटाबेस चालायचा, सगळ्या संस्थेचा जीव त्यात. तो बसला होता ९ जीबीवर. एका संध्याकाळी कुणीतरी एक अहवाल काढायला लावला आणि घरी गेला. ते 'कुणीतरी' म्हणजे मीच. त्या अहवालाच्या प्रोग्रामला वाचलेलं विसरायची सवय नव्हती. एक जीबी, दोन, तीन, पाच. मध्यरात्री मेमरी संपली. कर्नलनं तराजू काढला. डेटाबेस ९, अहवाल ५. कोण गेला?

डेटाबेस गेला. चोर सुटला आणि घरातला सगळ्यात धट्टाकट्टा माणूस फासावर गेला. सकाळी सगळे मला विचारत होते, डेटाबेसला काय झालं? काही झालं नव्हतं त्याला. कर्नलच्या नोंदवहीत एक ओळ होती, मेमरी संपली, अमुक क्रमांकाचा प्रोग्राम मारला, आणि तिच्या वर त्या वेळी कोण किती पानं धरून बसला होता त्याची पूर्ण यादी. पंचनामा असावा तर असा! मी मात्र अर्धा दिवस डेटाबेसच्याच नोंदी चाळत बसलो. मारलेल्याच्या वहीत खुनाची नोंद कशी सापडेल?

आणि हे टाळायला काय लागलं असतं? एक आकडा. प्रत्येक प्रोग्रामला उणे १००० ते अधिक १००० यांमधला एक आकडा देता येतो. उणे १००० म्हणजे याला हात लावायचा नाही. दूरवरून मशीनमध्ये शिरायची जी वाट असते, तो एसएसएच, स्वतःला हा आकडा लावून घेतो, आणि बरोबर करतो. आग लागल्यावर दारच जळून चालत नाही. मी डेटाबेसला उणे ५०० दिला असता, तर कर्नलनं त्याच्या वजनातून एकूण मेमरीचा निम्मा भाग, म्हणजे ८ जीबी, वजा केले असते. ९ वजा ८, उरला १. अहवाल ५. गेला असता अहवाल. त्याचं काय, सकाळी पुन्हा काढला असता.

बघा, तुमच्या फोनमध्ये ही किंमत सांगितलेली असते. अँड्रॉइडमध्ये हे काम करणारा वेगळा प्रोग्राम आहे, एलएमकेडी. तो मेमरी पूर्ण संपायची वाटही पाहत नाही. जे ॲप आत्ता पडद्यावर आहे ते शेवटपर्यंत राखायचं. जे तुम्ही तासाभरापूर्वी बाजूला सारलं ते आधी जाणार. दुपारी अर्धवट वाचलेली बातमी संध्याकाळी उघडली तर ॲप पहिल्यापासून सुरू होतं ना? फोन बिघडलेला नाही. मधल्या वेळात कुणाला तरी तुमच्यासाठी उठवलं गेलं. फोन एकाच्या मालकीचा, त्याची नजर कुठं आहे ते कळतं, म्हणून तिथं हे सोपं आहे. दहा खात्यांचं काम एका मशीनवर असलं की कुणाची नजर धरायची?

त्यावर आज दोन उपाय रुळलेत, थोडक्यात सांगतो. पहिला, प्रत्येकाची पंगत वेगळी करायची. याला सीग्रुप म्हणतात. अहवालाच्या पंगतीला ४ जीबी ठरवून दिले की पाचवा मागताना त्याच पंगतीतला कुणी उठेल, शेजारच्याला धक्का नाही. महासंगणकांवर तर काम देतानाच किती मेमरी लागेल ते लिहून द्यावं लागतं. जास्त घेतली की काम बंद. दुसरा उपाय २०१८ सालच्या कर्नलपासूनचा. मोकळी पानं किती हे मोजण्यापेक्षा, मेमरीसाठी ताटकळण्यात कामांचा किती वेळ जातो ते मोजायचं. वाढप्याची धावपळ मोजण्यासारखं आहे हे. धावपळ वाढली की मशीन गोठण्याआधीच एखाद्याला उठवायचं, आणि तेही कर्नलच्या बाहेरून, आपण सांगितलेल्या क्रमानं.

मला विचारतात, मेमरी आता इतकी स्वस्त झाली, टिफ्रॅकच्या १० किलोबाइटवरून कुठल्या कुठं आलो, मग हा प्रश्न मिटायला नको का? मांडव वाढला की पत्रिकाही वाढतात, हे लग्नघर चालवणाऱ्याला सांगावं लागत नाही.

समोर इंजिनियरिंगची आणि डिप्लोमाची मुलं बरीच दिसतायत. तुम्हाला एक काम सांगून थांबतो. उद्या कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्सचं मशीन असेल तर प्रॉक या फोल्डरमध्ये जा. चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा तिथं एक खण आहे, आणि खणात 'ओओएम स्कोअर ॲडजस्ट' नावाची फाईल. ज्या कामावाचून तुमचं चालणार नाही त्याच्या खणातली ती फाईल उघडा. बहुतेक ठिकाणी आत शून्य असेल. म्हणजे कर्नलला त्याबद्दल अजून कुणी काही सांगितलेलं नाही.